माहेरचं तेल, सासरचा सूर्य

सूर्यबिंबाची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून वरची कड पाण्याखाली जाईपर्यंत आमच्या रत्नागिरीत सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात. हे मी घड्याळ लावून मोजलंय. गणिताची बाई असल्यामुळे मोजायच्या आधी कागदावर सोडवूनही पाहिलंय. बिंबाची रुंदी साधारण अर्धा अंश, आकाश सरकतं तासाला पंधरा अंश, म्हणजे झाली दोन मिनिटं. वरचे पंधरा-वीस सेकंद सूर्य सरळ न बुडता जरा तिरका बुडतो, त्याचे. हेच दृश्य दीड बाय दोन फुटांच्या कॅनव्हासवर तेलरंगात बुडवायला मला नोव्हेंबर ते जून एवढा काळ लागला. त्यात प्रत्यक्ष रंगवण्याचे दिवस पंधरा भरतील. बाकी सगळे दिवस आम्ही घरातली माणसं ते वाळायची वाट बघत होतो.

मराठी मूल पहिला सूर्य काढतं तो दोन डोंगरांच्या बेचक्यात. डोंगर त्रिकोणी, सूर्य अर्धा, त्याला कंगव्याच्या दातांसारखे किरण. खाली नागमोडी नदी, नदीकाठी कौलारू झोपडी आणि वर आडव्या पाडलेल्या तीन आकड्यांचे पक्षी. हा सूर्य उगवतोय की मावळतोय हे कुणी विचारत नाही आणि काढणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. मीही हाच सूर्य काढत काढत एलिमेंटरीच्या परीक्षेला बसले आणि सी ग्रेड घेऊन उठले. माझं माहेर सोलापूरचं. तिथे सूर्य मावळायचा म्हणजे गिरणीच्या धुराड्यामागे जायचा. समुद्रात मावळणारा सूर्य मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, भाट्याच्या वाळूत उभं राहून. सासरच्या मंडळींनी तो अशा थाटात दाखवला की मला वाटलं, यांच्या घरचाच आहे.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी तो बघतेय. गेल्या वर्षी लेकीनं वाढदिवसाला पैसे पाठवले आणि बजावलं, ‘आई, साडी घेऊ नकोस, स्वतःसाठी काहीतरी घे.’ इतकी वर्षं मी साड्या कुणासाठी घेत होते, हा हिशेब मी अजून मांडलेला नाही. पण पैसे हातात होते, सूर्य समोर होता आणि पुण्याला एका लग्नाला जायचं होतं. लग्नातल्या जेवणावळीच्या वेळी मी सटकले आणि रंगांच्या दुकानात शिरले.

काउंटरवरच्या मुलानं विचारलं, “काकू, स्टुडंट की आर्टिस्ट?”

“शिक्षक,” मी म्हटलं.

तो माझ्याविषयी विचारत नव्हता, रंगांविषयी विचारत होता. तेलरंगांत दोन जाती असतात. स्टुडंट दर्जात रंगद्रव्य कमी आणि भर जास्त, आर्टिस्ट दर्जात रंगद्रव्य भरपूर. दुसऱ्या जातीत पुन्हा सिरीज असते. पहिल्या सिरीजमध्ये बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन अशी माझ्यासारखी पगारदार मंडळी. वरच्या सिरीजमध्ये कॅडमियम, कोबाल्ट वगैरे बागायतदार. आता दुर्दैव बघा, समुद्राला आणि ढगाला खालच्या सिरीजचे रंग चालतात, पण सूर्याचे पिवळे, नारिंगी, तांबडे हे तिन्ही कॅडमियम वरच्या सिरीजचे. देव आकाशात हा खर्च रोज कसा भागवतो, हे त्यालाच ठाऊक.

माझा चेहरा बघून मुलानं एक स्वस्त ट्यूब पुढे सरकवली. तिच्यावर ‘कॅडमियम रेड ह्यू’ असं लिहिलं होतं. ह्यू म्हणजे ज्यात कॅडमियम नाही असं कॅडमियम. नावापुढे ह्यू दिसलं की समजायचं, हा खऱ्या मुलाचा मावसभाऊ आहे. चेहरा मिळताजुळता, कर्तृत्व वेगळं. खरं कूळ बघायचं तर ट्यूबवरचा बारीक अक्षरांतला क्रमांक वाचायचा. पी.आर. १०८ असेल तर असली कॅडमियम रेड. मला हे फार आवडलं. माणसांच्या पाठीवर असा क्रमांक असता तर स्थळं बघायचा किती वेळ वाचला असता!

शेवटी मी मध्यममार्ग काढला. निळे आणि मातकट रंग कॅमलचे घेतले. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या या घराण्याच्या कंपासपेटीवरच माझी भूमिती पोसलेली असल्यामुळे तिथे भरवसा होता. सूर्यापुरतं नारिंगी आणि पिवळं कॅडमियम मात्र विलायती घेतलं. तेवढ्यात ‘इंडियन यलो’ नावाची ट्यूब दिसली आणि देशाभिमान जागा झाला. ती घेतली.

या पिवळ्याची कथा मला पुढे आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या सरांनी सांगितली. १८८३ साली त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी लंडनला पत्र लिहून कळवलं होतं की मुंगेरजवळच्या मिर्झापुरात काही गवळी गायींना फक्त आंब्याची पानं आणि पाणी देतात, त्यांचं मूत्र आटवतात आणि गाळून त्याचे पिवळे गोळे वळतात. हे गोळे विलायतेला जायचे आणि तिथले चित्रकार त्यातून ऊन रंगवायचे. आजच्या ट्यूबमध्ये गायही नाही आणि आंबाही नाही, नुसतं रसायन आहे. मी ही कथा घरी जेवताना सांगितली. ओघात हेही सांगितलं की १८४१ साली जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं पत्र्याची ट्यूब शोधून काढली, त्याआधी चित्रकार रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून ठेवत आणि टोचून हवा तेवढा पिळून घेत.

सासूबाईंनी घास खाली ठेवला. “अगो, तो पिवळा असू दे घरात,” त्या म्हणाल्या. “बाकीचे गच्चीवर ने.”

तर माझा स्टुडिओ अशा रीतीनं गच्चीवर गेला.

पांढऱ्याची कथा आणखी वेगळी. दुकानात मी नुसतं “पांढरा द्या” म्हटलं तर मुलानं विचारलं, “कुठला?” अहो, पांढरा म्हणजे पांढरा! पण नाही. एक टायटॅनियम व्हाइट. हा एकत्र कुटुंबातल्या थोरल्या काकांसारखा, जिथे बसेल तिथे मागचं काही दिसू देत नाही. दुसरा झिंक व्हाइट. हा मवाळ, अर्धपारदर्शक, सगळ्यांशी जुळवून घेणारा, पण तेलात वर्षानुवर्षं राहिला की आतून ठिसूळ होऊन तडकतो. असे काकाही आपल्याकडे असतात. तिसरा शिशाचा पांढरा. जुन्या युरोपीय चित्रकारांचा लाडका, दिसायला लोण्यासारखा आणि गुणानं विषारी. या काकांबद्दल मी लिहीत नाही, नात्यातले लोक मासिकं वाचतात. मी टायटॅनियम घेतला.

आता तेल. खरी कथा इथून सुरू होते.

तेलरंग म्हणजे रंगाची पूड आणि तेल. ट्यूबमध्ये तेल असतंच, पण रंग आणखी सैल करायला वरून जे घालायचं त्याला मीडियम म्हणतात. मुलानं माझ्यासमोर बाटल्यांची रांग लावली. लिनसीड, स्टँड ऑइल, पॉपी, वॉलनट, सॅफ्लॉवर. मी एकेकीचं मराठी करत गेले तसतशी मला माझी आजी दिसू लागली. लिनसीड म्हणजे जवस. सॅफ्लॉवर म्हणजे करडई. पॉपी म्हणजे खसखस, वॉलनट म्हणजे अक्रोड. जवसाची चटणी आणि करडईची भाजी खाऊन मी वाढले! युरोपातले महान चित्रकार ज्यात कालवून अजरामर झाले, ते आमच्याकडे भाकरीबरोबर ताटात होतं आणि आम्ही वर कच्चं तेल कमी पडलं म्हणून भांडत होतो.

सरांनी यामागचं शास्त्र सांगितलं. पाणी वाळतं म्हणजे उडून जातं. तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि आतल्या आत जाळं विणून घट्ट होतं. त्यामुळे वाळताना त्याचं वजन सुरुवातीला चक्क वाढतं. मला या पदार्थाबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. पण हा गुण सगळ्या तेलांत नसतो. तो मोजायला आयोडीन मूल्य नावाचा आकडा असतो. जवसाला पावणेदोनशेच्या वर मिळतात, करडईला दीडशेच्या जरा खाली, शेंगदाण्याला शंभराच्या आतबाहेर आणि खोबरेलाला दहा. मी निकालपत्रकच करून गच्चीच्या दाराला चिकटवलं. जवस पहिल्या वर्गात, करडई उत्तीर्ण, शेंगदाणा नापास, खोबरेलाच्या पालकांना भेटायला बोलवावं.

म्हणजे थोडक्यात, माझ्या माहेरची तेलं वाळतात आणि सासरचं तेल जन्मात वाळत नाही. (शेंगदाणा माहेरचाच, पण प्रत्येक माहेरात असा एक मामा असतो.)

हे शास्त्र मला वेळेवर कळलं असतं तर बरं झालं असतं. पहिलं चित्र सुरू केलं तेव्हा सरांची शिकवणी सुरू व्हायची होती. मी सगळी तयारी केली. पेंटच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. दुकानदारानं “किती खोल्या काढताय?” असं विचारलं, मी “एकच, समुद्र” म्हटलं. आकाश झकास उरकलं. समुद्राला हात घातला आणि लक्षात आलं, जवसाची बाटली संपली. बाटली मोठी घ्यायला हवी होती, पण त्या पैशात पाव ट्यूब सूर्य येत होता. रत्नागिरीत त्या संध्याकाळी मला जवसाचं तेल कुठे मिळणार? गच्चीच्या कोनाड्यात सासूबाईंची खोबरेलाची बाटली होती. तेल ते तेल. ओतलं.

काय सांगू, रंग लोण्यासारखा फिरला! लाटा अशा सुळसुळीत उतरल्या की मला वाटलं, आपल्या हातात काहीतरी आहे. होतं ना, खोबरेल होतं. मी सूर्याखालची पाण्यातली सोनेरी वाटही त्यातच उतरवली, सूर्यालाही चार थेंब चढवले आणि कॅनव्हास खाली आणून पॅसेजमध्ये स्टुलावर टेकवून ठेवला.

आठवडा गेला. आकाश वाळलं. समुद्र ओला. मी म्हटलं, समुद्रच तो. पंधरवडा गेला. समुद्र चिकट. महिना झाला. डिसेंबरात हवा कोरडी झाली, खोबरेलही थंडीनं जरा थिजलं आणि मला वाटलं, वाळलं. दुपारी ऊन आलं आणि समुद्राला पुन्हा भरती आली.

घरातल्यांनी सुरुवातीला चौकशी केली, मग तपासणी सुरू केली. वाळलं का हे बघायची मराठी घरातली पद्धत एकच. पापड असो, कुरडई असो की भिंतीचा रंग, बोट लावायचं. मी पाटी लावली, ‘हात लावू नये’. पाटी वाचून आमचे हे म्हणाले, “का, ओलं आहे का?” आणि बघितलं लावून.

तेवढ्यात एका लग्नात सर भेटले. माझी बहुतेक चित्रकला लग्नांमधूनच झाली आहे. त्यांना मी सगळं सांगितलं. खोबरेलाचा उल्लेख आल्यावर त्यांनी हातातली जिलेबी ताटात ठेवली. “बाई,” ते म्हणाले, “ते चित्र वाळणार नाही. तुम्ही त्याला चंपी केलीत.”

मग त्यांनी मला शिकवायचं कबूल केलं. पहिला धडा, खालचा थर रोडका, वरचा थर गुबगुबीत. म्हणजे सुरुवातीला टर्पेंटाइन घालून पातळ रंग द्यायचा आणि जसजसं वर यावं तसतसं जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागून वाळताना हलतो आणि वरच्याला तडे जातात. थोरल्याचं व्हायच्या आधी धाकट्याचं लग्न उरकलं की घरात होतं, तसं. दुसरा धडा, पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सूर्यास्त काढू नये. आधी सगळीकडे बर्न्ट सिएनाचा पातळ हात मारावा. पांढऱ्यावर कुठलाही रंग गडद वाटतो आणि माणूस घाबरून फिकट रंगवतो. तिसरा धडा, तेलाच्या चिंध्या बोळा करून कचऱ्यात टाकायच्या नाहीत. जवसाचं तेल प्राणवायू ओढताना गरम होतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि चिंधी आपली आपण पेट घेऊ शकते. एक तर ती पाण्यात बुडवायची, नाहीतर मोकळ्या हवेत पसरायची.

मी गच्चीवर दोरी बांधून चिंध्या पसरू लागले. तांबडं, नारिंगी, जांभळं, मधूनच सोनेरी. शेजारच्या काकू तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “तुमची चित्रं फार छान होतायत हो, दोरीवर बघते मी रोज.”

टर्पेंटाइनच्या वासाचं घरात मला भय होतं, पण सासूबाई तो आल्यावर स्वतःहून जिना चढून वर येऊ लागल्या. गुडघ्याच्या मलमाला अगदी असाच वास असतो, म्हणाल्या. वास घेतल्यानं बरं वाटतं. गुडघे दुखत असताना त्या वासासाठी एकवीस पायऱ्या चढायच्या, यातला हिशेब मी त्यांना समजावायला गेले नाही. खिडक्या तेवढ्या उघड्या ठेवल्या.

दुसऱ्या कॅनव्हाससाठी मी थेट भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. निसर्ग समोर बसून रंगवावा असं सगळे सांगतात. निसर्गही तुमच्यासमोर बसणार आहे, असं मात्र कुणी म्हणत नाही. वाऱ्यानं कॅनव्हासचं शीड होतं. वाळू रंगात जाते आणि चित्राला नको तिथे पोत येतो. मागे माणसं जमतात. “हे विकायला आहे का?” असं एकानं विचारलं. “मोबाइलमध्ये काढा ना, लगेच येतो,” दुसऱ्यानं सांगितलं. एक चिमुरडी बराच वेळ बघून म्हणाली, “काकू, तुमचा सूर्य चुकलाय. तो इथे नाहीये, तिथे आहे.” बरोबर होतं. मी नारिंगी कालवेपर्यंत तो निघून गेला होता.

यावरही सरांकडे गोष्ट होती. १८८३ साली क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ जगभर पसरली आणि लंडनमधले सूर्यास्त काही महिने लालभडक झाले. विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट नावाच्या चित्रकारानं थेम्सकाठी चेल्सीत उभं राहून त्यांची पाचशेहून जास्त रेखाटनं केली. हे शक्य झालं, कारण तो पेस्टल वापरत होता. तेलरंग असते तर त्याच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नसती आणि त्यातलं काही खोबरेलात असतं तर अजून उरली नसती.

मग मीही शहाणी झाले. किनाऱ्यावर पेन्सिलनं टिपणं करायची, रंग घरी गच्चीवर. पहिलं टिपण सूर्याच्या आकाराचं. हात लांब करून करंगळी धरली तर सूर्य तिच्या नखाच्या अर्ध्या रुंदीत झाकतो. एवढासा! आपण मात्र तो भाकरीएवढा काढतो. माझ्या पहिल्या चित्रातला सूर्य मोजला, तर प्रमाणात तो खऱ्याच्या बारापट निघाला. तसा सूर्य जर खरोखर मावळायला लागला, तर बुडायला अर्धा तास घेईल आणि भाट्याच्या भेळवाल्यांचं भलं होईल.

दुसरा शोध आकाशाचा. वर निळं, खाली पिवळं. दोन्ही ओल्या रंगांची कड एकमेकांत मिसळली की क्षितिजावर हिरवा पट्टा उगवतो. माझ्या सूर्यामागे भाताचं शेत आलं. त्यात मी निळा म्हणून घेतला होता थॅलो ब्लू. हा रंग भयंकर. तांदळाच्या दाण्याएवढा घेतला तरी पाव ट्यूब पांढऱ्याला निळं करतो, मग ब्रशला लागतो, मग पिवळ्याला, मग कोपराला, मग चहाच्या कपाच्या कानाला. होळीनंतरही माझ्या डाव्या कानामागे तो होता आणि लोक समजून घेत होते. सरांनी तो काढून घेतला, अल्ट्रामरीन दिला आणि सांगितलं, निळा आणि पिवळा यांना शेजारी बसवायचंच नाही, मध्ये एक गुलाबीसर राखाडी पाहुणा बसवायचा. लग्नातल्या पंगतीत भांडलेल्या भावांच्या मध्ये बसवतात, तसा.

एवढं करूनही सूर्य पेटेना. मी त्यात सगळं महागाचं नारिंगी ओतलं. जास्त उजळ हवा म्हणून तांबड्यात पांढरा घातला, तर तो गुलाबी झाला, खडूच्या गुलाबीसारखा. आणखी ओतलं. तरी तो उजेड देईना, नुसता बसून राहिला. आमचे हे म्हणाले, “रव्याच्या लाडवावर बेदाणा लावल्यासारखा दिसतोय.” सरांनी मोबाइलवर चित्राचा फोटो काढला आणि रंग काढून काळापांढरा केला. सूर्य आकाशापेक्षा काळा! मी आकाश इतकं फिकट पिवळं, इतकं गोड रंगवलं होतं की बिचाऱ्या सूर्याला उजळायला जागाच उरली नव्हती.

“बाई, सगळा वर्ग हुशार असला की पहिला नंबर कसा कळणार?” सर म्हणाले.

त्यांनी माझी पॅलेट हातात घेतली. आठ दिवसांच्या कामाचा उरलासुरला रंग मधोमध साचला होता. अल्ट्रामरीन, सिएना, नारिंगी, लाकडी मुठीला पुसलेलं, चुकून मिसळलेलं, सगळं मिळून चिखल. मी तो पत्र्यानं खरवडून टाकणार होते. सरांनी सुरीनं तो गोळा केला, त्यात थोडं पांढरं घातलं, आणि जी राखाडी झाली ती ढगांवर आणि सूर्याभोवती देत गेले. फुकटची राखाडी. तिच्यात चित्रातले सगळे रंग थोडे थोडे होते, त्यामुळे ती परकी दिसेना. मग मला म्हणाले, “आता जुना सूर्य पुसा आणि तेवढ्याच जागेत फिकट पिवळ्याचा एक टिपका ठेवा. नखाच्या अर्ध्याएवढा.” मी ठेवला. आणि अहो, ट्यूबलाइटचं बटण दाबल्यासारखा तो लागला! हजारोंचं कॅडमियम बाजूला राहिलं आणि सूर्य पेटला तो चिखलावर.

ते चित्र जवसाचं असल्यामुळे शहाण्यासारखं वाळलं. कॅडमियम आणि टायटॅनियम यांना सावकाश वाळायची खोड आहे, म्हणून तेवढे थर आठवडाभर रेंगाळले. मातकट रंग दोन दिवसांत मोकळे झाले. वॉर्निश सहा महिने ते वर्षभर लावायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, मी ते हॉलमध्ये टांगलं आणि सरांना चहाला बोलवलं.

त्याच वेळी यांचे एक मित्र आले. चित्रासमोर उभे राहिले, मान डोलवली आणि म्हणाले, “वा वहिनी! काय सूर्योदय आहे!”

रत्नागिरीत जन्म गेलेला माणूस. या किनाऱ्यावर समुद्रातून सूर्य उगवायचा असेल तर पृथ्वीला उलटं फिरावं लागेल. मी काही बोलणार, तेवढ्यात सरांनी मला सावरलं. ते म्हणाले, मोनेनं १८७२ साली ल हाव्रच्या बंदरात नारिंगी सूर्य काढला, ज्यावरून पुढे एका अख्ख्या चळवळीला नाव पडलं. निम्म्या जगाला तो सूर्यास्त वाटतो, नाव वाचल्यावर कळतं की सूर्योदय आहे. आणि टर्नरचं १८३९ सालचं ‘फायटिंग टेमरेअर’ घ्या. ते जुनं लढाऊ जहाज मोडीत काढायला थेम्समधून पश्चिमेकडे ओढून नेत होते. चित्रात मात्र ते मावळत्या सूर्याकडे पाठ करून चाललंय. म्हणजे टर्नरचा सूर्य पूर्वेला बुडतो. तरी लोक तो बघायला रांगा लावतात. “दिशेचं मनावर घेऊ नका,” सर म्हणाले.

हात धुवायला आत जाताना ते पॅसेजमध्ये थबकले. स्टुलावर माझं पहिलं चित्र अजून होतं. माळ्यावर टाकलं तर गाद्यांना लागेल, म्हणून तिथेच राहिलं होतं. सर वाकले. चष्मा वर केला. मग जमिनीवर उकिडवे बसले.

“हे पाणी कुणी केलंय?”

“मीच. ते खोबरेलवालं.”

“तुम्ही नाही,” ते शांतपणे म्हणाले. “ही चमक बघा. निळ्या पाण्यावर नारिंगी ठिपके, प्रत्येक ठिपक्यात बारीक रेषा, जणू लाटेवर लाट. आणि हे क्षितिजाजवळ बारीक आहेत, खाली येताना मोठे होत गेलेत. हे अंतराचं गणित कुणाला जमलंय?”

मीही वाकले. आठ महिन्यांत मी त्या चित्राकडे नीट पाहिलंच नव्हतं. घरातला प्रत्येक माणूस येता-जाता आधी सूर्याला बोट लावून बघत होता, आणि सूर्य ओला निघाला की त्याच बोटानं पाणी तपासत होता. सासूबाई चित्र बिघडू नये म्हणून अलगद करंगळी लावायच्या, तीही वर, क्षितिजाशी. त्याखाली कामाला येणाऱ्या ताईंची तर्जनी. मे महिन्यात आलेल्या लेकीचं मधलं बोट. सगळ्यांत खाली, अगदी जवळच्या लाटांत, यांचे ठसठशीत अंगठे.

“मी रोज बघत होते हो, वाळतंय का ते,” स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. “हात धुते लगेच साबणानं.”

सर उठले. “हे टांगा,” म्हणाले. “आणि खाली सही करा.”

मी बारीक ब्रश आणला, बर्न्ट सिएना घेतला आणि उजव्या कोपऱ्यात वाकले. तिथे आधीच एक मोठा, अनोळखी अंगठा उमटलेला होता. बराच विचार केल्यावर आठवलं, मार्चमध्ये सिलेंडर घेऊन आलेला मुलगा पॅसेजमध्ये दोन मिनिटं थांबला होता, मी सुटे पैसे शोधत होते तेवढ्यात. सव्वादोन असतील फार तर.